एकविसावा दिवस

आज लेकीने आपणहून पुस्तक उघडलं. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच.

शाळेत जायच्या वेळी तिचं पोट दुखायचं. सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. वाचायला उभं केलं की मुलं हसायची. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा तर ठरलेलाच. डिस्लेक्सियाचं निदान झालं तेव्हा कळलं, यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायला तिला जास्त वेळ आणि जास्त सराव लागतो, एवढंच.

घरी शिकवायला घेतलं आणि पहिल्या आठवड्यात मी घरातच शाळा भरवली. वेळापत्रक, तास, गृहपाठ, सगळं. वही दिसली की ती नखं कुरतडायला लागायची. मग वही कपाटात ठेवून दिली. आता ताटात वाळू पसरतो, तोंडाने आवाज काढत बोटाने अक्षर गिरवतो. पंधरा मिनिटं, बस्स. बाकी वेळ मी वाचते, ती ऐकते.

आज तिने ‘घर’ला ‘धर’ वाचलं. थांबली. मांडीवर बोटाने ‘घ’ गिरवला आणि हळूच म्हणाली, “घर.”

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडू फुटलं असतं.

“आई, पुढचं पान पण मीच वाचू?”

अर्धं पान झालं. बाकीचं उद्या वाचणार आहे म्हणे.