लाकडी सभामंडपापर्यंत

पंढरीच्या वारीत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात पाऊल पडलं. पुढचं नातेपुते, माळशिरस, खुडूसचं रिंगण सगळं एकात एक मिसळलंय. वेगळी आठवते ती वेळापूर सोडल्यानंतरची दुपार. सकाळी पाऊस, मग चटका देणारं ऊन. ओल्या चपलेचा पट्टा टाचेला घासत राहतो, भिजलेली कातडी मऊ पडते आणि फोड धरतो. मागचा टाळकरी सारखा "चला माऊली, चला" करत होता. नामाचा गजर चालू असतानाही मला त्याचा राग येत होता.

रस्त्याकडेच्या वस्तीवरच्या एका आजींनी हाक मारली, "माऊली, पाय हिकडं करा." कोमट पाण्यानं पाय धुऊन त्यांनी फडक्यानं बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले. सुई-दोरा उकळत्या पाण्यातून काढला, फोडाच्या बुडाशी आरपार ओवला आणि दोन्हीकडं बोटभर दोरा सोडून कापला. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं. वरची कातडी सोलायची नाही, आतलं मांस तीच झाकते. मग त्याच पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. मला बोलताच येईना.

वाखरी, चंद्रभागा, एकादशीला कळसाचं दर्शन. गोपाळपूरचा काला झाला, गर्दी ओसरली, तेव्हा विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात निवांत उभं राहता आलं. इथले कोरीव लाकडी खांब रांगेच्या रेट्यात दिसतच नाहीत. असं जुनं काम बुडापासून वर पाहावं. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, कारण लाकूड उभ्या रेषांतून पाणी वर ओढतं. बूड ओलं राहिलं की कुजतं, वाळवी लागते. वर तुळईचा भार हस्तांवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या आधारांवर येतो, नक्षीची खरी करामत तिथं. छतावरची चित्रंही मान वर करून बघावीत.

अशा नक्षीचा वैरी म्हणजे ऑइलपेंट. थरावर थर चढले की पाकळीची धार बुजते, ओल आत कोंडते. पुसायचं तर कोरड्या मऊ ब्रशनं. आपण भक्तीनं बुक्का-कुंकवाचे हात लावतो, तेही तेलकट काजळीबरोबर खाचेत घट्ट बसतं. हात लावायचाच तर पुढं सोळखांबीत, म्हणजे सोळा खांबांच्या मंडपात, चांदीनं मढवलेला गरुडखांब आहे. त्याला कडकडून मिठी मारावी.