उष्णतेची पुळी

कोपरखैरण्यात माझे औषधांचे दुकान आहे. रात्री शटर अर्धे खाली आल्यावर एक ठरावीक गिऱ्हाईक येते. आधी खोकल्याच्या गोळ्या घेते आणि शेजारचा माणूस गेला की आवाज उतरवून म्हणते, “उष्णतेने खाली पुळी आली आहे, एखादी ट्यूब द्या.” सब्जा, गुलकंद सगळे करून झालेले असते. वर आश्वासनही असते, “दुखत वगैरे काही नाही.”

त्या आश्वासनाचीच मला धास्ती वाटते. जुन्या माणसांनी ज्याला गरमी म्हटले, त्या उपदंशाची म्हणजे सिफिलिसची जखम बहुधा एकच, कडेने टणक आणि न दुखणारी असते. ती शरीरसंबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी 10 तर कधी 90 दिवसांनी उमटते आणि औषध न घेताही 3 ते 6 आठवड्यांत भरून येते. ट्यूबला यश मिळते, जंतू मात्र रक्तात राहतो आणि पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे उठेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. सुरुवातीलाच ओळखला, तर पेनिसिलिनचे एक इंजेक्शन बहुधा पुरते.

नागिणीच्या कुळातल्या हर्पिसची तऱ्हा उलटी असते. बारीक पाणीदार फोडांचा घोस येतो, फुटतो आणि लघवी करताना आग होते. तो पुन्हा पुन्हा उद्भवतो, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. लागण होऊन वर्षे लोटल्यावरही पहिला फोड दिसू शकतो, त्यामुळे तो पाहून जोडीदारावर लगेच संशय घेऊ नये.

प्रत्येक जखम संबंधातूनच येते असेही नाही. एका गिऱ्हाइकाला दर वेळी त्याच जागी काळपट व्रण उठत असे. जुनी बिले चाळली, तेव्हा त्याआधी जुलाबावरच्या त्याच गोळ्या नेलेल्या दिसल्या. त्या गोळ्यांची पट्टी हातात देऊन त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. ती औषधाची ॲलर्जी निघाली.

हे ओळखणे माझ्या काउंटरवरचे काम नाही, म्हणून नवी जखम दिसताच, ती दुखो वा न दुखो, काहीही न लावता डॉक्टरांना दाखवावी. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबने तिचे रूप पालटते आणि निदान अवघड होते. जांघेत अवधाण म्हणजे सुजलेली गाठ, ताप, लघवी अडणे किंवा गरोदरपण असेल, तर त्याच दिवशी जावे, कारण उपदंश गर्भातील बाळापर्यंत पोहोचतो. रक्ततपासणी पहिल्या दिवसांत निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. एचआयव्हीची तपासणीही सोबत होते, कारण उघड्या जखमेतून त्याची लागण सोपी होते. जोडीदारालाही तपासून घ्यावे लागते आणि तोवर संबंध टाळावे लागतात. निरोध सगळ्याच जखमा झाकत नाही.

सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. एड्स हेल्पलाइनच्या 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. हल्ली ट्यूबऐवजी हा क्रमांक मी खोकल्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने लिहून देतो. काही जण चिडतात.