आमची वाटचाल: दोरा, जर आणि तार

आमचं क्रोशाच्या दागिन्यांचं काम सुती दोऱ्यात विणलेल्या मण्यांच्या गोफापासून सुरू झालं. मग जर आली, सर्वांत शेवटी तार. टाके तेच, साखळी आणि मुका खांब, हे क्रोशाचे दोन साधे टाके. पण दोऱ्यावर बसलेला हात जरीला पुरत नाही आणि तारेला तर नडतो.

मणी आधी ओवून घ्यायचे, हे तिन्हीकडे सारखं. शेवटी ओवलेला मणी विणताना पहिला येतो, म्हणून नक्षी उलटी ओवायची. दोऱ्यात किंवा जरीत मणी जास्त झाला तर भोकात जाड सुई घालून पकडीने फोडतो (चष्मा घालूनच, काच उडते). कमी पडला तर तोडून जोड द्यावा लागतो. मण्याचा नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो: ८ नंबर साधारण ३ मिमी, ११ नंबर २ मिमी. पुण्याच्या बोहरी आळीत जाताना पूर्ण ऑर्डरचे मणी एकदमच घ्यावेत. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.

आता बाजारातली बरीचशी जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली चकाकत्या प्लास्टिकची पट्टी. क्रोशाच्या सुईचं टोक त्या पट्टीत अडकलं की ती सुटते आणि आतला धागा उघडा पडतो. उसवलेली जर पुन्हा विणायला घेत नाही, टाकूनच देतो. १ ते १.२५ मिमीची, टोक गुळगुळीत असलेली स्टीलची सुई वापरतो आणि रीळ आडव्या दांडीवर फिरतं ठेवतो. उभ्या रिळावरून ओढली तर प्रत्येक वेढ्यागणिक पीळ चढतो. नळीमण्यांच्या कडा जर कापतात, ते तारेसाठीच ठेवावेत.

तारेत पहिला घोळ गेजचा, म्हणजे जाडीच्या नंबराचा. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडची तांब्याची तार एसडब्ल्यूजीत (ब्रिटिश गेज) मोजतात, परदेशी नमुन्यांत बहुधा अमेरिकन गेज असतं. अमेरिकन २८ म्हणजे ०.३२ मिमी, एसडब्ल्यूजी २८ मात्र ०.३८. एवढ्याशा फरकाने बोटं दुखतात आणि टाके ताठर होतात. त्यामुळे गेज न विचारता मिमी विचारायचे. आम्हाला ०.२५ ते ०.३२ मिमी सोयीची पडते, सुई २.५ मिमीची.

दोऱ्यासारखी तार बोटाभोवती गुंडाळून ताण द्यायचा नाही. टाका सैल, सुईच्या जाडीइतका. तांबं वाकवू तसं कडक होतं. दोन-तीनदा उसवलं की त्याच जागी तुटतं. तारेला गाठवळ पडली तर ओढू नये, बोटांनी वेढा उलगडावा. ४५ सेंमीच्या तीन साखळ्यांना सहा-सात मीटर तार धरतो, पण विणून होईपर्यंत रिळापासून तोडत नाही. दोन्ही टोकांना १० सेंमी सोडून दागिन्याच्या हुकाच्या कडीत तीन-चार वेढे द्यायचे आणि कापलेलं टोक आत वळवायचं. बाहेर राहिलं की साडीचा पदर ओढलाच म्हणून समजा. वळवायला नायलॉनच्या जबड्याची पकड, कारण लोखंडी पकडीने इनॅमल (तारेवरचा पातळ लेप) खरवडलं जातं आणि तिथून तार काळी पडते.

बिनइनॅमलचं तांबं घामाने आणि दमट हवेने लवकर काळवंडतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही उघड्या तांब्याची ऑर्डर घेत नाही.