वेबवरचा ॲप मॅनेजर: आता वर्कर वेगळा

ब्राउझरमधून ॲप टाकायचं, अपडेट करायचं, काढायचं, एवढंच करणारा माझा पॅकेज मॅनेजर आता बऱ्यापैकी चालू लागलाय. पडद्यावरचा भाग अजून ओबडधोबड आहे, त्याला या खेपेला हातही लावला नाही. सगळा वेळ गेला तो रूटचे, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचे, अधिकार कुणाकडे ठेवायचे यात.

ॲप चालतात डॉकरवर, म्हणजे प्रत्येक आपापल्या बंद कप्प्यात, कंटेनरमध्ये. डॉकरला हुकूम द्यायची वाट म्हणजे त्याचं सॉकेट, आणि तिथपर्यंत पोचता येणं म्हणजे त्या मशीनवर रूट असणंच. होस्टची अख्खी डिस्क माउंट केलेला कंटेनर तिथून सहज उभा करता येतो. काही जण सॉकेट रीड-ओन्ली माउंट करून निश्चिंत होतात, पण डॉकरला पाठवलेल्या हुकमांच्या (एपीआयच्या) विनंत्या त्यानं अडत नाहीत. म्हणून माझ्या वेब सर्व्हरला ते सॉकेट दिसतच नाही. तो एसक्यूलाइट या छोट्या, फाइलमधल्या डेटाबेसमध्ये फक्त नोंद करतो: अमुक ॲप, अमुक आवृत्ती, टाका. ती नोंद वर्कर, म्हणजे मागे चालणारा वेगळा प्रोग्रॅम, उचलतो आणि मॅनिफेस्ट (ॲप कसं टाकायचं ते सांगणारी फाइल) आपल्याच डिस्कवरच्या कॅटलॉगमधून वाचतो. ब्राउझरकडून आलेली कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे उभे करायचे ते डॉकरला सांगणारी) तो चालवतच नाही. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, पण वॉल मोडमध्ये (WAL, बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) त्यामुळे वाचणारे थांबत नाहीत. कामांच्या रांगेसाठी रेडिस वगैरे वेगळा सर्व्हर आणायची गरजच पडली नाही.

लॉग पडद्यावर दाखवायला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला एकतर्फी संदेश पाठवत राहतो ती पद्धत. माहिती एकाच दिशेनं जाते, मग दोन्हीकडून बोलणारं वेबसॉकेट कशाला? जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडी पाठवतो. तिथून पुढचा लॉग द्यायचा.

प्रॉक्सी म्हणून, म्हणजे बाहेरून आलेली विनंती योग्य ॲपकडे वळवायला, कॅडी हा वेब सर्व्हर घेतलाय. २०१९ पोर्टवरच्या ॲडमिन एपीआयला नवा मार्ग (route) दिला की चालू जोडण्या न तोडता बदल लागू होतो, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही तोच मिळवतो. चाचण्या मात्र सर्टिफिकेट फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंगवरच (चाचणीच्या सर्व्हरवर) करा, कारण खऱ्या सर्व्हरवर त्याच नावांच्या संचाला ७ दिवसांत ५ सर्टिफिकेटांची मर्यादा आहे.

इमेज (ज्यातून कंटेनर उभा राहतो तो ॲपचा गठ्ठा) टॅगनं, म्हणजे चिकटवलेल्या नावानं नव्हे, तर शा-२५६ डायजेस्टनं, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशानं नोंदवतो. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे वळू शकतो, डायजेस्ट बदलत नाही. त्यामुळे जुन्या इमेजवर परत जाणं सोपं झालं. डेटा मात्र परत जात नाही, आणि खरी डोकेदुखी तीच. ॲपनं मायग्रेशन चालवलं, म्हणजे डेटाबेसची रचना (स्कीमा) बदलली, की जुन्या कोडला नवा स्कीमा झेपेलच असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची मेजर आवृत्ती बदलली तर जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर उघडतच नाही. डंप (डेटाची अख्खी नक्कल) घेऊन रिस्टोअर करा, नाहीतर पोस्टग्रेसचंच पीजी-अपग्रेड हे साधन चालवा.

म्हणून मॅनिफेस्टमध्ये डंपचा हुक, म्हणजे डंप घेणारी आज्ञा, सक्तीचा केलाय. हुक नसेल तर अपडेटचं बटण बंद. हे काहींना जाचक वाटेल, वाटू दे.

आता अडलंय ते रांगेपाशी. मोठ्या डेटाबेसचा डंप सुरू झाला की मागची साधी कामंही ताटकळतात. बहुधा प्रत्येक ॲपला स्वतंत्र कुलूप ठेवून वर्कर समांतर चालवावे लागतील. पुढच्या नोंदीत तेच.