सोळाची चिठ्ठी

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि आठवल्या त्या गणिताच्या सरांच्या चिठ्ठ्या. आठवी ब, ऑफ तास. जुन्या लग्नपत्रिका कापून, पाठीमागं 1 ते 100 आकडे घालून सरांनी त्या टेबलावर पसरल्या.

"जास्तीत जास्त उचला. अट एकच, हातातल्या कुठल्याही संख्येनं दुसरीला निःशेष भाग जाता कामा नये."

मी ऐटीत मूळ संख्या गोळा केल्या. पंचविसांवर गाडी अडली. मागच्या बाकावरच्या मित्रानं, जो एरवी गणिताच्या तासाला पेंगायचा, 51 ते 100 अशी अख्खी थप्पीच उचलली. पन्नास! 51 ची दुप्पटसुद्धा शंभराबाहेर, मग भाग जाणार कुणाला?

एक्कावन्न का नाहीत? सरांनी चिठ्ठ्यांच्या रांगा लावल्या. संख्येला 2 ने भागत जायचं, जी विषम संख्या उरेल तिच्या रांगेत ती चिठ्ठी. 3, 6, 12, 24, 48, 96 एका रांगेत. एकाच रांगेतल्या दोन उचलल्या की धाकटीनं थोरलीला भाग जातोच. शंभरापर्यंत विषम संख्या पन्नास, म्हणून रांगाही पन्नासच.

"आता पन्नासच घ्या, पण त्यांत लहानात लहान कितीची येईल?" एवढं म्हणेतो घंटा झाली.

मी 20 पर्यंत उतरून स्टाफरूममध्ये गेलो. "अजून खाली ये," म्हणत सरांनी 81 ची चिठ्ठी पुढं सरकवली. तिच्या रांगेत ती एकटीच, म्हणजे घ्यावीच लागणार. मग 27 बाद, 54 घ्या. त्यामुळं 9 आणि 18 बाद, निदान 36. तसंच 3 च्या रांगेतून निदान 24. आणि 1, 2, 4, 8 गळाल्यावर निदान 16. बाकीच्या रांगांतूनही याच्या खाली उतरता येत नाही, हे तपासून 16 सकट पुऱ्या पन्नास जमवायला मला दिवाळीची सुट्टी लागली. (हंगेरीचे गणिती पॉल एर्डोश मुलांना असलेच प्रश्न घालत. 1959 साली बारा वर्षंही पूर्ण न झालेल्या लायोश पोशानं त्यांतल्या एकाचं उत्तर सूप पिता पिता दिलं होतं, हे पुढं वाचलं तेव्हा जरा ओशाळलोच.)

त्या सुट्टीत आजीला वाचून दाखवलं: 16, 24, 36, 54, 81. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "दिडकी आहे ही, दर वेळी दीडपट. पुढचा एकशे साडेएकवीस. तो का रे सोडला तुमच्या सरांनी?"