आमची वाटचाल : शहाद्याहून पाड्यापर्यंत पोरांची औषधं

मेडिकल आमचं शहाद्यात, वडिलांच्या वेळचं. मी डी.फार्म., बायको पण डी.फार्म., त्यामुळे घरी जेवताना पण एक्स्पायरी आणि शॉर्टेज यावरच बोलणं चालतं. घरपोच वगैरे आमच्या डोक्यात कधीच नव्हतं, शहाद्यात कोण घरपोच मागवणार, स्टँडवर आलेला माणूस दुकानात डोकावल्याशिवाय जात नाही.

मग 2020 चा मार्च आला. एसटी बंद, काळीपिवळी बंद, आणि म्हसावद, धडगाव, तळोद्याकडून फोन सुरू झाले. मोठ्या माणसांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिकडे कुठेतरी मिळून जायच्या, अडकायचं ते लहान पोरांचं. धुळ्याच्या किंवा सुरतच्या मोठ्या हॉस्पिटलने लिहून दिलेलं फिटचं सिरप, थॅलेसेमियाच्या पोराची लोह कमी करायची गोळी, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला ट्रीटमेंट घेऊन आलेल्या पोराच्या घरी चालू ठेवायच्या गोळ्या, हे खेड्यातलं दुकान ठेवतच नाही कारण महिन्याला एखादंच गिऱ्हाईक, माल पडून राहिला तर नुकसान. त्याच महिन्याच्या 26 तारखेला केंद्राचं नोटिफिकेशन निघालं की लायसन असलेल्या मेडिकलवाल्याने घरपोच द्यायला हरकत नाही. अटी होत्या. डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, जुनाट आजाराची असेल तर 30 दिवसांच्या आतली, साध्या आजाराची 7 दिवसांच्या आतली, आणि द्यायचं ते एकाच महसुली जिल्ह्यात. म्हणून आम्ही नंदुरबार जिल्हा सोडून जात नाही. शिरपूरचे लोक रागावतात, खेतियाचे पण रागावतात, खेतिया तर हाकेच्या अंतरावर पण राज्यच दुसरं, काय करणार. शेड्यूल एच-वन (जपून द्यायच्या औषधांची सरकारी यादी) आणि नशेच्या यादीतली औषधं या सवलतीत नव्हतीच, म्हणजे फिट थांबेना तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो तो घरी पाठवत नाही, घरच्या कोणीतरी चिठ्ठी घेऊन काउंटरवर यायचं, त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरला होते आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं असतं.

आता खरी गोष्ट. आम्हाला सुरुवातीला वाटलेलं अवघड काम गाडीचं असेल, घाटातला रस्ता, पावसाळा, पेट्रोल. ते जमून गेलं. आमची दोन पोरं बाईकवर जातात, आणि वरच्या पाड्यांसाठी जीपवाल्यांशी बोलून ठेवलंय, ते सीटखाली पार्सल ठेवतात आणि एक पैसा जास्त मागत नाहीत. अवघड निघालं ते पार्सल उघडल्यानंतरचं.

लहान पोराचं औषध वजनावर असतं हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत, पण घरात कोणाला माहीत नसतं. साधं पॅरासिटामॉल घ्या. डोस साधारण किलोला 15 मिलीग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या पोराला दीडशे. एका बाटलीत 5 एमएलला 120 असतं, दुसरीत 5 एमएलला 250, आणि तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये 1 एमएललाच 100. म्हणजे त्याच पोराला एकातून सव्वासहा एमएल, दुसऱ्यातून तीन, तिसऱ्यातून दीड. आणि घरात काय होतं, थोरल्याच्या वेळचा चमचा असतो तो धुऊन वापरतात, तो 5 एमएलचा चमचा ड्रॉप्सने पूर्ण भरला तर पाचशे मिलीग्रॅम पोटात गेलं. बाटली छोटी म्हणजे औषध हलकं असं लोकांना वाटतं, आहे उलटं.

त्यामुळे आमच्याकडे पार्सल बांधायच्या आधी एक काम असतं, ते बायको करते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. सुई नसलेली सिरिंज घ्यायची, चिठ्ठीवर जेवढे एमएल आहेत तिथे काळ्या मार्करने रेघ मारायची, त्यावर पारदर्शक टेप चिकटवायची म्हणजे धुताना पुसत नाही, आणि मग सिरिंज त्याच बाटलीला रबराने बांधायची. सकाळ-संध्याकाळचा डोस वेगळा असेल तर दोन सिरिंज, एकीवर सूर्य काढते एकीवर चंद्र. पोरांची आजी बहुतेक वेळा औषध पाजते, आई शेतात नाहीतर मजुरीला. आजीला एमएल कळत नाही पण रेघ बरोबर कळते. पार्सल पोचलं की आमचा पोरगा पहिला डोस पाण्याने भरून दाखवतो आणि मग आजीकडून भरून घेतो, ते झाल्याशिवाय निघायचं नाही. यात वेळ जातो, जाऊ दे.

टाटाच्या पोरांचं याहून नाजूक. ब्लड कॅन्सरच्या पोरांना मेन ट्रीटमेंट झाल्यावर पुढे साधारण दीड-दोन वर्षं घरी गोळ्या चालतात, त्यातली मर्कॅप्टोप्युरिन रोजची आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दुसरी चुकून रोज गेली तर जीवावर बेततं. म्हणून ती आम्ही कधी रोजच्या गोळीच्या पाकिटात टाकत नाही, वेगळं लाल पाकीट, वर डॉक्टरने सांगितलेला वार मोठ्या अक्षरात, आणि एका वेळी महिन्यापुरत्याच गोळ्या.

ऑटो-रिफिलचं, म्हणजे दर महिन्याला न सांगता औषध पाठवायचं, खूप जण विचारतात, ऑनलाइनवाले करतात ना म्हणून. आम्ही पोरांच्या औषधाला करत नाही आणि करणार पण नाही. सहा महिन्यात पोराचं वजन बदलतं, डॉक्टर डोस बदलतात, आणि जुन्या डोसचं पार्सल आपोआप दारात येऊन पडलं तर लोक तेच पाजतात, फुकट थोडंच घालवतील. दर वेळी फोन करून आधी विचारतो, दवाखान्यात गेलते का, वजन किती भरलं, नवीन चिठ्ठीचा फोटो टाका. सिरपपण असंच, फिटचीच दोन औषधं बघा, व्हॅल्प्रोएटचं सिरप 5 एमएलला 200 मिलीग्रॅम, लेव्हेटिरासेटमचं 1 एमएललाच 100, औषध बदललं की जुनी सिरिंज परत मागवून घेतो.

डिस्काउंटचं पण विचारतात. सरकारने भाव बांधलेल्या औषधात रिटेलरचं मार्जिन 16 टक्के धरलंय, त्यात वीस टक्के सूट कशी बसते ते सूट देणाऱ्यालाच विचारा. 2025 च्या सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी 12 चा 5 झाला तेव्हा मात्र बिल खरंच खाली आलं आणि ते आम्ही त्याच दिवसापासून लावलं. आणि एक स्पष्ट सांगतो, सिकलसेलच्या (रक्ताच्या आजाराच्या) पोरांची हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड सरकारी दवाखान्यात मिळत असेल तर तिथूनच घ्या. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ओळखीचा आजार आहे, 2023 पासून केंद्राचं मिशन सुरू आहे त्याचं, फुकट मिळणारी वस्तू आमच्याकडून विकत घेऊ नका. तिथे स्टॉक नसेल तेव्हा फोन करा.

उन्हाळा म्हणजे इन्सुलिनचा घोर. मे महिन्यात पारा 43-44 ला, डांबर चपलेला चिकटतं, आणि इन्सुलिन पाहिजे 2 ते 8 डिग्रीत. थर्माकोलचा डबा, आइस पॅक, आणि मधे पुठ्ठा, कारण बर्फ थेट लागून इन्सुलिन गोठलं तर ते वितळलं तरी कामाचं नाही, फेकून द्यायचं. निघायचं पहाटे पाचला. ज्या घरी फ्रिज नाही तिथे मडक्यात मडकं आणि मधे ओली वाळू, चालू व्हायल (इन्सुलिनची छोटी बाटली) त्यात नीट राहते, उघडल्यावर साधारण 28 दिवस. फ्रिज नाही तिथे आम्ही एका वेळी एकच व्हायल देतो.

आणि अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया! बाहेरच्यांना कळणार नाही पण आमच्या धंद्याला अखाजी दिवाळीपेक्षा जड. पोरी माहेरी येतात, लेकरं बरोबर, आणि औषध जातं सासरच्या पत्त्यावर. मग फोन येतो, "भाऊ, पोरनं औषध उनं का?" अहो आलं, पण तुमच्या सासूबाईंकडे. जिल्ह्यातलं माहेर असेल तर फिरवतो, अमळनेर-चोपड्याचं असेल तर आमचे हात बांधलेले. म्हणून चैत्र लागला की यादी काढून एकेका घरी फोन करतो की यंदा कुठे. तसंच दिवाळीनंतर वरचे लोक ऊसतोडीला गुजरातला जातात ते होळीला परत येतात, काठी गावची होळी कोणी चुकवत नाही. एवढे महिने फिटच्या पोराचं औषध तुटलं तर सगळी मेहनत पाण्यात, फिटची गोळी एकदम बंद करायची नसतेच. अशा घरांना आम्ही दिवाळीच्या आधीच डॉक्टरकडे पाठवतो, त्यांनी जेवढ्या महिन्यांचं लिहून दिलं तेवढं एकदम बांधून देतो, आणि औषधाचं मूळ नाव इंग्रजीत कार्डावर लिहून गळ्यातल्या पिशवीत, म्हणजे तिकडच्या मेडिकलवाल्याला ब्रँड नाही मिळाला तरी वाचता येईल.

खोकल्याचं सिरप चिठ्ठीशिवाय पाठवत नाही, छिंदवाड्यात 2025 ला विषारी सिरपने पोरं दगावली त्यानंतर तर ओळखीच्यालाही नाही. सर्दीच्या एका कॉम्बिनेशनवर चार वर्षांखालच्या पोरांना देऊ नये असं छापलेलं पण असतं, तरी मागतात.

सध्या बोलणं चाललंय धडगावला एका ओळखीच्या दुकानात आमचा फ्रिज ठेवायचं, तिथे लाइटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर पण लागेल, त्याचा खर्च काढतोय. सारंगखेड्याच्या यात्रेत पुलावर गाड्या अडकतात, त्या दिवसात तापीपलीकडचं पार्सल एक दिवस आधी निघेल, तेवढं त्या बाजूच्या लोकांनी चिठ्ठी लवकर टाकायची.