२२ मिनिटांनी येणारी सम

संगीतावरून विज्ञानकथा म्हटलं की बरेच जण रागाचं वातावरण उचलतात. मारवा ऐकला, हुरहूर लागली, मग यानात एकटा माणूस बसवला. पण ती हुरहूर संध्याकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरही लागते, त्यासाठी यान कशाला? संगीतातलं मोजता येणारं काहीतरी घ्यावं आणि ते मोडेल अशा जागी नेऊन ठेवावं.

तीनताल घ्या. सोळा मात्रांचं एक आवर्तन, त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. सोलापुरात तबलजी, मंगळावर पेटीवर लेहरा, म्हणजे तालाची पुन्हा पुन्हा वाजणारी धून, धरणारा. मिनिटाला ६० मात्रा, म्हणजे आवर्तन १६ सेकंदांचं. दोघांनी घड्याळ लावून एकाच क्षणी सुरुवात केली. संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. ३ मिनिटं म्हणजे ११ आवर्तनं आणि वर ४ मात्रा, म्हणून सोलापूरची सम तिथे पाचव्या मात्रेवर पोचते. २२ मिनिटं म्हणजे ८२ आवर्तनं आणि वर ८ मात्रा. आता ती नवव्या मात्रेवर, नेमकी कालेवर, म्हणजे बिनटाळीच्या मात्रेवर! हात जिथे नुसता हवेत फिरवायचा तिथे सम येऊन पडते. शिवाय ग्रहांमधलं अंतर सतत बदलतं, त्यामुळे ती कालेवरही टिकत नाही, सरकत राहते. हे सरकणंच कथानक.

इथे एक चूक हमखास होते. २२ मिनिटांच्या अंतरावर मंगळ आकाशात सूर्याच्या जवळ दिसतो आणि पुढे सूर्य आडवा येऊन संपर्क सुमारे दोन आठवडे विस्कळीत होतो. कथेची तारीख त्याच्या थोडी आधीची धरावी.

वाद्यंही सारखी वागत नाहीत. तंबोऱ्याचा स्वर तारेचा ताण, लांबी आणि जाडी ठरवते, म्हणून तो जवळपास तसाच राहतो. बासरीत मात्र आतली हवा बोलते. ध्वनीचा वेग आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३४० मीटर, मंगळावर २४०. त्यामुळे षड्ज साधारण अर्धं सप्तक घसरून मंद्रातल्या तीव्र मध्यमाच्या आसपास येतो. पण वस्तीच्या आत पृथ्वीसारखी हवा असेल तर काहीच बदलत नाही, आणि बाहेर माणूस फुंकणार कसा? तिथे मंगळाचीच हवा फुंकणारं यंत्र हवं. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, म्हणून आवाज क्षीण. त्यातले उंच स्वर तर फार लवकर विरतात. ऐकणारं पात्र लांब उभं करू नका.

मला सर्वात जवळची वाटते ती हलगी. ती जाळावर शेकून चढवतात, कारण उष्णतेनं कातड्यातली ओल जाते आणि ते आवळतं. मंगळाच्या हवेत प्राणवायू नावापुरता, त्यामुळे जाळ पेटत नाही. वस्तीत आग लावू देणार नाहीत, आणि माणसांच्या श्वासानं आतली हवा दमट. पण बाहेरच्या विरळ हवेत ओल टिकत नाही. म्हणून हलगीवाला वस्तीतून बाहेर पडायच्या दोन दारांमधल्या खोलीत हलगी ठेवतो, हवा हळूहळू काढतो आणि काचेतून कातड्याकडे बघत राहतो. जरा जास्त वेळ गेला तर ते तडकेल.